४४ तासिका आणि एक भोपळा

गेल्या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेत पालकसभा झाली. मुलगी तिसरीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची, राज्य मंडळाची. चालवणारे आपलेच लोक. दीनियातचा तास आहे, फी खिशाला झेपेल इतकी. मराठीत लिहिणाऱ्या बापाची मुलगी इंग्रजी शाळेत का, हा प्रश्न रास्त आहे. घरात बहुमताने हरलो, एवढंच सांगतो.

सभेत नव्या वेळापत्रकाचा कागद वाटला. सगळ्यांनी तो घडी करून खिशात घातला. मला आकडे मोजायची खोड आहे, म्हणून मी तिथेच मोजायला बसलो. आठवड्याला ४४ तासिका. इंग्रजी ८, मराठी ५, हिंदी ४, उर्दू ४, अरबी आणि दीनियात मिळून ५. गणित ८, परिसर अभ्यास ५, संगणक २, आणि ‘ऑलिम्पियाड’ नावाच्या काहीतरी प्रकाराला ३. झाले ४४. चित्रकला, गाणं, हस्तकला, खेळ यांच्यापुढे काही नव्हतंच, कारण ती नावंच कागदावर नव्हती. गेल्या वर्षापर्यंत आठवड्याला चित्रकलेच्या दोन, खेळाच्या दोन आणि गाण्याची एक अशा पाच तासिका होत्या. त्यातल्या तीन ऑलिम्पियाडला गेल्या, दोन उर्दूला.

मी हात वर करून विचारलं. मॅडम म्हणाल्या, “सर, पीटी परिपाठातच होते. आणि चित्र काय, मुलं घरीही काढतात.” मागून एक चाचा उठले. साठीचे, नेक माणूस, शाळेसाठी वर्गणी गोळा करत उन्हातान्हात फिरलेले. म्हणाले, “ड्राइंग से क्या होता जी? डाक्टर बनती क्या पोट्टी?” सभागृह हसलं. मीही हसलो. ठराव मंजूर झाला. घरी येताना मात्र माझं हसू गेलं, आणि त्या दिवसापासून हा लेख डोक्यात आहे.

चाचांना एकट्याला दोष देऊन भागणार नाही. ते जे बोलले तेच अख्खं राज्य वेगळ्या भाषेत बोलतंय.

२०२५ सालची गोष्ट आठवा. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, मराठी आणि इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची. ओरड झाली. १७ जूनला शब्द फिरवून दुसरा निर्णय निघाला. आणखी ओरड झाली. २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली. त्या अडीच महिन्यांत मराठी वाहिन्यांवर बालमानसशास्त्र अगदी ओसंडून वाहत होतं. सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादणं कसं घातक आहे, हे मोठमोठ्या लोकांनी समजावून सांगितलं. मला ते पटलंही. लहान मुलाला आधी एक भाषा नीट येऊ द्यावी, असंच माझं मत आहे.

पण त्याच वेळी एक प्रश्न मला सतावत होता. आपल्या राज्यात उर्दू शाळेतलं मूल पहिलीपासून उर्दू शिकतं, मराठी शिकतं, इंग्रजीही शिकतं. म्हणजे तीन भाषा आणि तीन लिप्या, वयाच्या सहाव्या वर्षी. वर्षानुवर्षं हे चालू आहे. त्या मुलाच्या मेंदूची काळजी कुणाला वाटली? कुणी मोर्चा काढला? मराठी सगळ्यांना आलीच पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. मराठी माझी भाषा आहे, मी तिच्यावरच जगतो. माझं म्हणणं एवढंच की तीन लिप्यांचं ओझं खरोखर ओझं असेल तर ते भिवंडीतल्या आणि मालेगावातल्या मुलालाही असतं. आणि ते ओझं नसेल तर मग इतका आरडाओरडा कशासाठी होता?

आता घरची गोष्ट. सकाळी मकतब, उजवीकडून डावीकडे. मग शाळा, डावीकडून उजवीकडे. त्यात उर्दूच्या तासाला परत उजवीकडून. पण उर्दूच्या ओळीत आकडा आला की तो पुन्हा डावीकडून. मागच्या वर्षी मुलीने मराठीच्या वहीत स्वतःचं नाव उजव्या समासापासून लिहायला घेतलं होतं. बाईंनी लाल शेरा मारला, ‘लक्ष देत नाही’. लक्ष देत नाही? उलट किती ठिकाणी लक्ष देतेय ती! घरात आम्ही दखनी आणि मराठीची भेळ बोलतो, ती वेगळीच. आठ वर्षांचं मूल पाच भाषांच्या दारात उभं आहे आणि एकाही भाषेच्या घरात अजून शिरलेलं नाही.

आपल्याकडे अभ्यासक्रम व्यापक करणं म्हणजे विषय वाढवणं, अशी एक समजूत पक्की झाली आहे. सरकार वाढवतं, संस्था वाढवतात, पालक वाढवायला सांगतात. घड्याळ मात्र वाढत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. भागाकार करा. दिवसाला चार तास. या चार तासांत जे काही बसवायचं ते बसवायचं. एक गोष्ट आत येते तेव्हा दुसरी बाहेर जाते, आणि जाणारी नेहमी तीच असते जिची परीक्षा नसते.

त्याच कायद्याचं २९ वं कलम वाचण्यासारखं आहे. मुलाचा सर्वांगीण विकास, शारीरिक आणि मानसिक क्षमता पूर्ण फुलवणं, कृतीतून आणि शोधातून शिकणं, भीतीमुक्त वातावरण, शक्य तिथवर मातृभाषेचं माध्यम. वाचताना छाती भरून येते. मग अनुसूची उघडा. कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांच्यासाठी अर्धवेळ निदेशक हवेत असं तिथे लिहिलंय, पण कुठे? सहावी ते आठवीत, आणि तेही शंभराहून जास्त मुलं असतील तर. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, बस. म्हणजे ज्या वयात मूल भिंतीवर, दारावर, अब्बूच्या बिलांवर चित्रं काढत असतं, त्या वयात कायदा त्याला चित्रकलेचा शिक्षक देतच नाही. दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग, सगळे विषय, पोषण आहार, ऑनलाइन माहिती आणि वर सर्वांगीण विकास सांभाळायचा. बालभारतीने कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या तिघांचं मिळून ‘खेळू, करू, शिकू’ नावाचं पुस्तक काढलं. पुस्तक चांगलं आहे. पण खेळण्याचं पुस्तक वाचून खेळ होत नाही.

जाता जाता एक सांगतो. २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ आलं तेव्हा विधानसभेपर्यंत थट्टा-मस्करी पोचली होती. संख्येच्या नावावरून सभागृह गाजतं. हजारो शाळांत चित्रकलेचा तास नुसता कागदावर असतो, त्यावर एक लक्षवेधी तरी कुणी मांडली का, ते शोधून सांगा.

यावर उत्तर ठरलेलं असतं. आधी मुलांना वाचता येऊ द्या, बेरीज-वजाबाकी येऊ द्या, मग तुमची चित्रं. २०२१ पासून देशभर ‘निपुण भारत’ चालू आहे, तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि गणिताचा पाया मिळावा म्हणून. उद्देशाला माझा पाठिंबा आहे. वाचता न येणारी पोरं आपल्या मोहल्ल्यात मी रोज बघतो. पण वाचता येणं म्हणजे अक्षरांचा उच्चार येणं नव्हे. ज्या मुलीने कधी बी पेरलं नाही, चाकावर मडकं घडताना पाहिलं नाही, नदी कुठून येते हे कुणाला विचारलं नाही, ती त्या विषयाचा धडा घडाघडा वाचेल आणि तिला कळणार काहीच नाही. आपल्याला हा प्रकार चांगला माहीत आहे. अर्थ न कळता नाजरा खत्म करणारी पिढ्यान् पिढ्या मुलं आपल्याच घरात आहेत. तोच प्रकार आता इंग्रजीत सुरू झालाय, फरक इतकाच की त्याची फी भरावी लागते.

शिवाय हा ‘आधी पाया’ सगळ्यांना सारखा लागू नाही. पुण्या-मुंबईच्या महागड्या शाळांत मातीकामाची खोली असते, गाण्याचे शिक्षक असतात, पोहण्याचा तलाव असतो. तिथे कुणी म्हणत नाही की आधी पाढे, मग तलाव. जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या, उर्दू शाळेच्या पोरांनी मात्र आधी पाया भरायचा. पाया भरता भरता पाचवी संपते.

आता आपल्या आतल्या मुद्द्याकडे येतो. त्या सभेनंतर पार्किंगमध्ये एका तरुण पालकाने मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, “भाई, खरं कारण वेगळंय. तस्वीर आणि म्युझिक नको म्हणून काही लोकांचा आग्रह होता.” असेलही. मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. सजीवांच्या चित्रांबद्दल आणि वाद्यांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे. पण अगदी कडक मत धरलं तरी पान, फूल, डोंगर, मशिदीच्या जाळीची नक्षी, खुशखत यांना मनाई कुठली? मातीचा दिवा? कागदाची घडी? नात आणि नज्म सुरात म्हणणं? मनाई असेल-नसेल त्या एका कोपऱ्यासाठी आपण अख्खी खोलीच बंद केली आहे. आणि संगीताचं म्हणाल, तर ‘किताब-ए-नवरस’ लिहिणारा दुसरा इब्राहिम आदिलशाह आपल्या दख्खनचाच ना?

याहून जवळचा दाखला आपल्याच महाराष्ट्रातला आहे, आणि तो आपण विसरलो याचं मला जास्त वाईट वाटतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिथे ठरलेल्या ‘नई तालीम’चा अभ्यासक्रम बनवायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जामिया मिल्लियाचे कुलगुरू, पुढे देशाचे राष्ट्रपती. समितीत ख्वाजा गुलाम सय्यदैनही होते. डिसेंबरात अहवाल आला. त्यात काय विषय होते? एक मूलोद्योग, मातृभाषा, गणित, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान, चित्रकला, संगीत आणि हिंदुस्तानी. चित्रकला आणि संगीत! मुलांसाठी ‘अब्बू खाँ की बकरी’सारखी गोष्ट लिहिणाऱ्या त्या दाढीवाल्या माणसाला आपण इमानात कमी समजायचं का? त्या योजनेत धर्मशिक्षण नव्हतं म्हणून मुस्लिम लीगने झोड उठवली. ती टीका आपल्याकडे आजही लोकांना आठवते. अभ्यासक्रमात काय होतं ते मात्र कुणाला आठवत नाही.

नई तालीम जशीच्या तशी आणा, असं मी म्हणत नाही. तिच्या वेळापत्रकात साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटं नुसती उद्योगाला होती. हे अति होतं. माझे अब्बा शिंपी होते. त्यांना ही योजना कुणी समजावून सांगितली असती तर ते म्हणाले असते, पोराला सुईदोराच करायचा असेल तर दुकानात काय वाईट आहे? शाळेत कशाला पाठवू? विणकराच्या पोराने शाळेतही सूतच कातायचं, ही शंका खोटी नव्हती. हाताच्या कामाला ज्या देशात जात चिकटलेली आहे, तिथे ती येणारच. म्हणून शिंप्याच्या पोराला माती द्या, कुंभाराच्या पोरीला सुतारकाम द्या, डॉक्टरच्या मुलाला काज-बटण शिकवा.

पण अब्बांच्या दुकानात मी जे शिकलो ते मला शाळेने कधी दिलं नाही, हेही खरं आहे. पन्ना ३६ चा असेल तर शर्टाला अडीच मीटर, ५८ चा असेल तर पावणेदोनात भागतं. का? अब्बा खडूने जमिनीवर चौकोन काढून दाखवायचे. क्षेत्रफळ मला तिथे कळलं, पाचवीत नुसतं सूत्र पाठ केलं. सव्वा, दीड, पावणेदोन हे अपूर्णांक आहेत हे शाळेत मला कुणी सांगितलंच नाही. शाळेतले अपूर्णांक वेगळेच होते, त्यांत नेहमी कुणीतरी केक कापत असायचं. आमच्या घरात तोवर केक आला नव्हता.

मनियार, पिंजारी, अत्तार, शिकलगार, मोमीन, रंगरेज. आपली आडनावं आणि बिरादऱ्या वाचा. हाताने जगलेला हा समाज. आणि आपल्याच शाळांतून आपण हात काढून टाकतोय.

या उन्हाळ्यात बहिणीकडे मिरजेला गेलो होतो. मुलीला घेऊन सतारमेकर गल्लीत गेलो. हे कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारं घडवणारे. हत्यारांचं काम गेलं तशी ही घराणी सतारी आणि तंबोरे बनवू लागली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात छताला वाळलेले मोठे भोपळे टांगलेले होते. मुलीने एकावर टिचकी मारली, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. “अब्बू, प्रत्येकाचा आवाज वेगळाय.” कारागिराने तिला विचारलं, का असेल? ती गप्प. मग त्यांनी तंबोऱ्याची तार छेडली, बरोबर मध्यावर बोट धरून पुन्हा छेडली, आणि म्हणाले, “तोच सा, पण वरचा.” अर्धी लांबी, वरचा सा. माझी मुलगी पंधरा मिनिटं त्या तारेशी खेळत होती.

आता मला सांगा, हा कुठला विषय झाला? हे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून, म्हणजे भूगोल आणि शेती. पोकळ भोपळा घुमतो का, हे विज्ञान. अर्धी तार, हे गणित. हत्यारं घडवणारे हात सतारीकडे का वळले, हा इतिहास. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट, ही मराठी. भोपळ्यावरची नक्षी, ही चित्रकला. एका भोपळ्यावर तिसरीचा वर्ग आठवडाभर शिकेल आणि त्यासाठी नवी तासिका लागणार नाही. व्यापक अभ्यासक्रम म्हणतात तो हा असावा, असं मला वाटतं. ४४ खणांचं कपाट करून प्रत्येक खणात वेगळी वही कोंबणं हा नव्हे.

इतिहासाचं एक बोलतो, कारण पुढच्या वर्षी मुलगी चौथीत जाईल. चौथीत शिवाजी महाराज. मी ते पुस्तक जिल्हा परिषदेच्या शाळेत वाचलंय, अंगावर शहारे येत. ते काढा असं म्हणणारा माणूस मला मूर्ख वाटतो. पण नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती पडणारा पहिला सबंध इतिहास लढायांचाच का असावा? औरंगाबादेत, आता छत्रपती संभाजीनगर, मलिक अंबरने जमिनीखालून नहरी काढून शहराला पाणी पाजलं. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. बार्शीच्या अमर शेखांच्या पहाडी आवाजावर संयुक्त महाराष्ट्राच्या सभा डोलल्या. हे वेगळा ‘मुस्लिम धडा’ म्हणून घालू नका, मला त्याची शिसारी आहे. पाण्याच्या धड्यात नहर येऊ द्या, कवितेच्या धड्यात शेख महंमद येऊ द्या. शेजारच्या बाकावरच्या मुलालाही ते माझ्या मुलीइतकंच लागतं.

टीका करतोस, मग तू काय करशील, असं विचारलं जाईल. मी कागद केला आहे. त्याच ४४ तासिका. इंग्रजी ८ तशाच. मराठी ६. हिंदी आणि उर्दू मिळून ४, कारण बोलायला ती एकच जबान आहे. गप्पा, गोष्टी, नज्मा एकत्र होऊ द्या, दुसरी लिपी पाचवीत आणा. दीनियात ३, कारण नाजरा सकाळी मकतबमध्ये होतोच, तोच पुन्हा शाळेत कशाला? गणित ७. परिसर अभ्यास ७, त्यातला निदान एक तास शाळेच्या फाटकाबाहेर. चित्र आणि हातकाम ४. गाणं १, बिनवाद्याचं का होईना. खेळ ४, मुलींसाठीसुद्धा, मैदानात. बेरीज करून बघा, ४४ होतात. संगणक आणि ऑलिम्पियाड यांत नाहीत, आणि त्याबद्दल मला काडीचंही वाईट वाटत नाही.

एक सहकारी म्हणाला, मकतबवर बोलू नकोस, लोक तुटून पडतील. मी मकतबच्या विरोधात नाही. सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितलं होतं की मदरशात पूर्णवेळ शिकणारी मुलं शंभरात तीन-चारच आहेत. बाकीची आपली मुलं मकतब आणि शाळा दोन्ही करतात. माझीही करते. माझं भांडण ‘दीनी’ आणि ‘दुनियावी’ अशी तालमीची जी फाळणी आपण करून ठेवलीय तिच्याशी आहे. या फाळणीत चित्र, गाणं, बागकाम, खेळ यांना कुठलाच मुल्क मिळाला नाही. दीनवाले म्हणतात ही दुनिया, दुनियावाले म्हणतात यात नोकरी नाही.

आणखी एक कडू गोष्ट. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांना लागू होत नाही. आपल्या संस्थाचालकांनी पेढे वाटले. आमच्या शाळेकडेही तो दर्जा आहे. स्वायत्तता मिळाली, छान झालं. पण त्या स्वायत्ततेचं आपण केलं काय? सरकारी शाळेत जे कागदावर तरी होतं, ते आपण कागदावरूनही काढलं. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने आपल्याला आपल्या पसंतीच्या शाळा चालवायचा हक्क दिला आहे. ती पसंती ऑलिम्पियाडच्या तीन तासिका असेल तर खासगी क्लास आणि आपल्यात फरक तो काय राहिला?

माझा कागद मी मॅडमना दिला आहे. त्यांनी तो वाचला, हे मला माहीत आहे, कारण दोन दिवसांनी फोन करून त्यांनी विचारलं की मिरजेचा तो कारागीर शाळेत येईल का आणि किती पैसे घेईल. चाचांनाही एक प्रत नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली आणि विचारलं, “खेल चार? छोरियां बी?” मी म्हणालो, छोरियां बी. ते काही बोलले नाहीत, चहा मागवला.

पुढची सभा परीक्षा संपल्यावर आहे. तोवर तुम्ही आपापल्या मुलांच्या शाळेचं वेळापत्रक मागून घ्या आणि तासिका मोजा. मोजलेले आकडे मला कळवा. शाळेचं नाव नको, फक्त माध्यम, इयत्ता आणि आकडे. सभेला जाताना मला ते सोबत न्यायचे आहेत.